दोन दिले तर गुलाबी, सात दिले तर जांभळा

टॉर्चचा संपलेला सेल आतून कसा असतो ते बघायचंय ना? मग या दोघं इकडे. जुना पेपर अंथरा आणि हात मागे ठेवा, कापायचं काम माझं. मोबाईलची बॅटरी मात्र अशी कधीच उघडायची नाही, ती पेट घेते. हा जुन्या पद्धतीचा जाडा सेल आहे, म्हणून उघडतोय, आणि तोही मीच.

हा वरचा रंगीत पत्रा निघाला. आता करडा डबा दिसतोय, जागोजागी झिजलेला, दोन ठिकाणी तर भोकं पडलेली. हे जस्त. मधोमध ही काळी कांडी कार्बनची. आणि दोघांच्या मधे ठासून भरलेला हा ओलसर काळा भुगा. याला काजळी समजू नका. यात कुटून बारीक केलेला दगड आहे, आणि तसा दगड आपल्या भंडारा जिल्ह्यातच निघतो.

तुमसर रोडहून तिरोडीच्या गाडीत बसलं की तुमसर टाउन, गोबरवाही मागे पडतं आणि डोंगरी बुजुर्ग येतं. सातपुड्याच्या पायथ्याचा हा पट्टा. डोंगरीला मोठी उघडी खाण आहे, पायऱ्यापायऱ्यांनी जमीन खाली उतरत गेलेली. तिकडेच चिखल्याची खाण, ती मात्र भूमिगत. दोन्ही 'मॉइल' या सरकारी कंपनीच्या. या भागात आधी मँगनीज काढायची ती इंग्रजांची कंपनी, १८९६ साली स्थापन झालेली. १९६२ मध्ये मॉइल उभी राहिली आणि १९७७ मध्ये ती पूर्णपणे सरकारची झाली. तिथला दगड हातात घेतला की आकाराच्या मानाने भलताच जड लागतो आणि बोटं काळी करतो. देशातलं बहुतेक मँगनीज पोलाद बनवायला जातं, पण डोंगरीच्या दगडाला सेलवाल्यांकडूनही मागणी असते, कारण त्यात मँगनीज डायऑक्साइड भरपूर असतं.

"आबाजी, मँगनीज तर धातू आहे ना? मग हा चमकत काऊन नाही?"

छान विचारलंस, ताई. तू नाव अर्धंच घेतलंस, म्हणून अडचण झाली. दगडाचं पूर्ण नाव मँगनीज डायऑक्साइड. रसायनशास्त्रात नाव अर्धं घेऊन चालत नाही. कोणाने कोणाला किती दिलं, हे त्या नावातच लिहिलेलं असतं. ते वाचता आलं, की वस्तू न बघताही तिच्याबद्दल पुष्कळ सांगता येतं.

आधी मीठ घेऊ, ते सोपं. सोडियमच्या अणूत ११ इलेक्ट्रॉन असतात. पहिल्या कवचात २, दुसऱ्यात ८ आणि शेवटच्या कवचात एकच. क्लोरीनकडे १७: २, ८ आणि ७. बाहेरच्या कवचात ८ झाले, की असे अणू स्थिर होतात. सोडियम आपला एकटा इलेक्ट्रॉन देऊन टाकतो, क्लोरीन तो घेतो, दोघांचं काम होतं. देणाऱ्यावर धन प्रभार येतो, घेणाऱ्यावर ऋण, आणि विरुद्ध प्रभार एकमेकांना घट्ट ओढून धरतात. हा आयनिक बंध. यातली गंमत अशी, की मिठाच्या खड्यात हा सोडियम या क्लोरीनचा अशी जोडी नसतेच. प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोराइड असतात, प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम, आणि ही रचना खड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. सोडियमचा तुकडा पाण्यात टाकला तर भडका उडतो, क्लोरीन तर विषारी वायू, आणि दोघांचं मिळून जे होतं ते आपण वरणात घालतो.

नाव ठेवायची रीत अशी: धातूचं नाव आधी, जसंच्या तसं. मग घेणाऱ्याचं नाव, शेवटी 'आइड' लावून. सोडियम क्लोराइड. किती दिले ते सांगायची इथे गरज नाही, कारण सोडियम एकच देतो, कधीही, कुठेही.

मँगनीजचं तसं नाही. त्याच्याकडे २५ इलेक्ट्रॉन: २, ८, १३, २. बाहेरचे दोन तो सहज सोडतो. पण आतल्या १३ मधले पाच तसे सैलच धरलेले असतात, आणि समोर ऑक्सिजनसारखा ओढणारा असला, की त्यांच्यातलेही जातात. म्हणून मँगनीज कधी दोन देतो, कधी तीन, कधी चार, कधी सहा, आणि जास्तीत जास्त सात. दोन दिलेल्या मँगनीजचे क्षार फिकट गुलाबी. चार दिले की हा काळा दगड. सहा दिले की गर्द हिरवा, सात दिले की जांभळा. धातू तोच, फक्त हिशेब बदलला. १७८७ साली पॅरिसमध्ये गिटाँ द मोर्व्हो, लाव्हाझिए, बर्थोले आणि फुरक्र्वा या चौघांनी मिळून रासायनिक नावांची पद्धतशीर मांडणी केली, आणि पुढे १९१९ मध्ये आल्फ्रेड स्टॉक या जर्मन शास्त्रज्ञाने अशा धातूंसाठी सोपी युक्ती सुचवली. किती दिले, तो आकडा धातूच्या नावापुढे कंसात लिहायचा. म्हणून तुमच्या पुस्तकात मँगनीज डायऑक्साइडला मँगनीज-चार ऑक्साइड असंही म्हटलेलं दिसेल. ऑक्सिजन दोन घेतो, इथे ऑक्सिजन दोन आहेत, म्हणजे एकूण चार. जमलं?

"पण आबाजी, कार्बन डायऑक्साइडमध्येही डायऑक्साइडच आहे. तो तर हवेत असतो. दगड काऊन नाही?"

बापू, हा प्रश्न मोठ्या मुलांनाही पडत नाही. कार्बनने ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देऊन टाकलेले नसतात. आपल्याकडे दोन बांध्यांच्या मधल्या धुऱ्यावर सामाईक विहीर असते बघ. खर्च दोघांचा, पाणी दोघांचं, कागदावर नावं दोघांची, आणि त्या विहिरीमुळेच दोन्ही शेजारी एकमेकांना सोडून जाऊ शकत नाहीत. तसे इलेक्ट्रॉन दोघांमध्ये सामाईक राहतात. हा सहसंयुज बंध. कार्बन आणि दोन ऑक्सिजन अशी तिघांची रेणूची टोळी पूर्ण झाली, की तिला बाहेरच्या कोणाची फारशी गरज उरत नाही, म्हणून ते रेणू सुटे सुटे हवेत फिरतात. दगडात मात्र प्रत्येक मँगनीजभोवती सहा ऑक्सिजन असतात, आणि प्रत्येक ऑक्सिजन तीन मँगनीजना धरून असतो. हे जाळं कुठे संपतच नाही, म्हणून तो दगड. अधातू आणि अधातू एकत्र आले की नावात मोनो, डाय, ट्राय असे आकडे बहुतेक वेळा सांगावे लागतात. नुसतं 'कार्बन ऑक्साइड' म्हणून भागत नाही. एक ऑक्सिजनवाला कार्बन मोनॉक्साइड बंद खोलीत शेगडी ठेवली तर जीव घेतो, आणि दोनवाला सोड्याच्या बाटलीत फसफसतो.

आता मेडिकलमधून आणलेली ती जखम धुवायची बाटली दे. हायड्रोजन पेरॉक्साइड. यातही ऑक्सिजन दोनच, पण 'पेर' आहे ना नावात? म्हणजे इथे दोन ऑक्सिजन एकमेकांनाच जोडलेले आहेत, आणि ती जोडणी कच्ची असते. वाटीत थोडं ओतलं. डोंगरीच्या दगडाची ही पूड, चिमूटभर. बघा कसं उसळलं! उदबत्ती विझव, नुसता निखारा ठेव आणि वाटीवर धर. पेटली परत. हा ऑक्सिजन. पेरॉक्साइड मोडून त्याचं पाणी झालं, ऑक्सिजन निघून गेला, आणि आपली काळी पूड होती तेवढीच, होती तशीच राहिली. तिने नुसतं घडवून आणलं.

स्वीडनमधल्या कार्ल शेले नावाच्या औषधविक्याने १७७४ मध्ये हा काळा दगड तपासला आणि यात नवीन मूलद्रव्य आहे असं सांगितलं. त्याच्या मित्राने, योहान गानने, त्याच वर्षी दगड कोळशाबरोबर तापवून त्यातून धातू बाहेर काढला. कोळशाने ऑक्सिजन ओढून घेतला आणि दिलेले चारही इलेक्ट्रॉन मँगनीजला परत मिळाले. तेव्हा तो चमकला, ताई! शेलेने याच दगडावर मिठाचं आम्ल, म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड ओतलं, तर पोपटी रंगाचा गुदमरवणारा वायू निघाला. तो क्लोरीन. म्हणजे एकाच वर्षी, एकाच दगडाने माणसाला दोन मूलद्रव्यं दाखवली. मला या दगडाबद्दल जो आदर वाटतो तो उगाच नाही.

आता जांभळा. विहिरीत पूर्वी टाकायचे ते औषध, पोटॅशियम परमँगनेट. काचेच्या ग्लासात दोनच कण टाकतो. बघा, पाण्यात जांभळ्या रेघा कशा खाली उतरताहेत. नावात 'एट' आलं की समजायचं ऑक्सिजन बरोबर आहे, आणि इथल्या 'पर'चा अर्थ मँगनीज आपल्या कमाल आकड्यावर, सातावर, आहे. खरं सांगायचं तर हे सात इलेक्ट्रॉन त्याने पूर्णपणे दिलेले नसतात. चार ऑक्सिजनांबरोबर ते सामाईक असतात, फक्त ओढ ऑक्सिजनकडे जास्त, म्हणून नावात ते त्याच्या बाजूला धरतात. मँगनीज आणि चार ऑक्सिजन ही टोळी आतून सहसंयुज बंधांनी बांधलेली, आणि ती सगळी टोळी मिळून पोटॅशियमला आयनिक बंधाने धरून असते. एकाच संयुगात दोन्ही बंध.

लिंबू पिळा यात. हळूहळू. जांभळा गेला, तपकिरी-पिवळा झाला, आता तोही गेला. पाणी स्वच्छ! सातवर असलेला मँगनीज अर्धपोटी असतो, मिळेल त्याच्याकडून इलेक्ट्रॉन ओढतो. लिंबाच्या रसाने पाच दिले, तो दोनवर आला. दोनवर गुलाबी म्हणालो होतो, पण ती छटा इतकी फिकी, की एवढ्या थोड्या मँगनीजला डोळ्याला रंगच दिसत नाही. आणि विहिरीतले जंतू कसे मरत असतील ते आता कळलं? त्यांच्याच शरीरातून हा इलेक्ट्रॉन ओढून घेतो.

ताई, तू हात लावलास ना त्या कणांना? दाखव बोट. जांभळं नाही, तपकिरी डाग पडलाय. तुझ्या कातडीने तीन इलेक्ट्रॉन दिले, सातचा चार झाला. चारवर कोण असतो? मँगनीज डायऑक्साइड! तुझ्या बोटावर डोंगरीचा दगड तयार झालाय, साबणाने जायचा नाही. तेच लिंबू चोळ. थोडा वेळ घासलं की चारचा दोन होईल, आणि दोनवरचा मँगनीज पाण्यात विरघळतो, म्हणून डाग जाईल.

ही गोष्ट लक्षात ठेवा: दोनवर असला की पाण्यात जातो, चारवर गेला की दगड होऊन बसतो. याच्यावर पुढे सगळं आहे.

पण त्याआधी जस्ताकडे येऊ, त्याला ताटकळत ठेवलंय. भंडाऱ्याच्या पितळेत तांबं आणि हेच जस्त. पितळेचं रासायनिक नाव काय? नाही, बापू, 'तांबं जस्ताइड' नाही. पितळेला तसं नावच नाही, कारण कोणी कोणाला ठरावीक काही दिलेलं नाही. धातूंमध्ये बाहेरचे इलेक्ट्रॉन कोणा एकाचे राहत नाहीत, सगळ्यांच्या मधून हिंडत असतात, आणि त्यांच्यामुळे सगळे अणू एकत्र धरलेले राहतात. म्हणून जस्त शेकड्याला तीस घाला किंवा चाळीस घाला, पितळच. म्हणूनच ते ठोकलं की तुटत नाही, पसरतं. अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात, इलेक्ट्रॉन सरकत्या थरांनाही धरून ठेवतात. मिठाच्या खड्यावर हातोडी मारली तर धन प्रभारासमोर धन येतो आणि खडा फुटतो. भंडाऱ्याचे कारागीर पितळेचा गुंड ठोकून ठोकून घडवत आले, ते या हिंडत्या इलेक्ट्रॉनांच्या भरवशावर. पितळ ओतताना तांबं १,०८५ अंशांना वितळतं आणि जस्त तर ९०७ अंशांनाच उकळायला लागतं, म्हणून जस्त शेवटी टाकतात. तरीही पांढरा धूर निघतोच. तो झिंक ऑक्साइड, त्याला मात्र नाव आहे, कारण तिथे जस्ताने ऑक्सिजनला दोन देऊन टाकले.

कल्हईवाला भांडं तापवून नवसागर फिरवायचा तेव्हाही पांढरा धूर यायचा, पण तो वेगळा. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापला की त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू होतात. दुसरा वायू भांड्यावरचा काळा ऑक्साइड खाऊन टाकतो, खालचा धातू उघडा पडतो, आणि मग कथील सरसर पसरतं. वर गेलेले दोन्ही वायू थंड हवेत पुन्हा भेटतात आणि परत नवसागर होतात. तोच धूर.

आता हा सेल. जस्ताचा डबा, डोंगरीसारख्या दगडाचा भुगा, आणि जुन्या पद्धतीच्या सेलमध्ये मधे ओल्या लगद्यात नवसागर. भंडाऱ्याच्या ओळखीचेच सगळे! १८६६ मध्ये जॉर्ज लेक्लांशे या फ्रेंच माणसाने या तिघांना एका भांड्यात बसवलं, तेव्हा तो सेल ओला, सांडणारा होता. कोरडा पुढे झाला. जस्ताला दोन द्यायचे असतात, चारवरच्या मँगनीजला एक घ्यायचा असतो. पण दोघं थेट भेटत नाहीत, त्यामुळे इलेक्ट्रॉनांना बटण दाबल्यावर तारेतून, बल्बमधून फिरून जावं लागतं. जाता जाता ते बल्ब पेटवतात. देऊन देऊन जस्त झिजलं, म्हणून डब्याला भोकं. मँगनीज चारवरून तीनवर आला. रात्री पाणी द्यायला बांधीवर जाताना माणूस टॉर्च लावतो, तेव्हा हातात हीच देवाणघेवाण चालू असते.

डोंगरीला हा दगड आला कुठून, हे अजून सांगायचं राहिलं. सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी किंवा त्याच्याही आधी इथे समुद्र होता. खोल, ऑक्सिजन कमी असलेल्या पाण्यात मँगनीज दोनवर होता, म्हणजे विरघळलेला, दिसतही नव्हता. ते पाणी जिथे ऑक्सिजनला भेटलं, तिथे त्याचे आणखी इलेक्ट्रॉन गेले, आणि विरघळून राहणं संपलं. काळा गाळ तळाशी बसत गेला. पुढे जमिनीच्या पोटात दाबून, भाजून त्याचे कठीण थर झाले. लुईस फर्मोर या भूशास्त्रज्ञाने १९०९ साली भारतातल्या मँगनीजवर जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याने इथल्या एका मँगनीजवाल्या खडकाला 'गोंडाइट' म्हटलं, इथल्या गोंड लोकांवरून. जगभरचे भूशास्त्रज्ञ आजही तेच नाव वापरतात.

आणि हे उलटंही घडतं, दर पावसाळ्यात, आपल्याच बांधीत. रोवणीला पाणी साचवलं की चिखलातली हवा संपते. मग तिथले जिवाणू श्वासासाठी ऑक्सिजनऐवजी मातीतल्या मँगनीज डायऑक्साइडला इलेक्ट्रॉन देतात. चारचा दोन होतो, दगड पाण्यात उतरतो, आणि धानाचं मूळ तो उचलून घेतं.

"धानाला मँगनीज कायले पाहिजे?"

पानात पाणी फोडायला, बापू. उन्हात पान पाण्यातून इलेक्ट्रॉन काढून घेतं, आणि उरलेला ऑक्सिजन बाहेर सोडतं. तू आत्ता जो श्वास घेतलास त्यातला ऑक्सिजन तिथलाच. पण ऑक्सिजनकडून इलेक्ट्रॉन काढून घेणं म्हणजे सगळ्यात कठीण काम. तो तर घेणारा, देणारा नव्हे! ते काम करायला प्रत्येक हिरव्या पानात, शेवाळातसुद्धा, एक बारीकशी जुळणी असते: चार मँगनीज, एक कॅल्शियम, पाच ऑक्सिजन. तिचे अणू कुठे कसे बसलेत ते २०११ मध्ये जपानमध्ये जियान-रेन शेन आणि नोबुओ कामिया यांच्या गटाने क्ष-किरणांनी स्पष्ट दाखवलं. जस्तासारख्या धातूने एकदा दिले की दिले, पण मँगनीज तीनवरून चारवर जातो, चारवरून तीनवर येतो, आणि पुन्हा जातो. पानाला असाच कोणीतरी हवा होता. उन्हाचा एक कण पडला की जुळणीतून एक इलेक्ट्रॉन जातो. दुसरा कण, दुसरा इलेक्ट्रॉन. तिसरा. मँगनीज आपल्या आकड्यात ते देणं साठवत राहतो. चौथा गेला की पाण्याच्या दोन रेणूंकडून चारही एकदम भरून घेतो, ऑक्सिजनचा एक रेणू सुटतो, आणि मोजणी परत पहिल्यापासून सुरू होते.